बेचिराख

आपल्याकडील जुन्या जमाबंदीच्या कागदांत ‘बेचिराख’ हा शब्द वारंवार भेटतो. एखादे गाव दुष्काळाने, स्वारीने किंवा पटकीच्या साथीने ओस पडले, म्हणजे कारकून त्याच्या नावापुढे हा एक शब्द लिही आणि पुढच्या गावाकडे वळे. आज हा शब्द कानी पडला की त्यातील ‘राख’ तेवढी आपल्या मनात उभी राहते, व जळून भस्म झालेले असा त्याचा अर्थ आपण करून घेतो. वस्तुतः मुळातील शब्द ‘बे-चिराग’ असा आहे. जेथे दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. राखेपेक्षा हा अर्थ अधिक खोल आहे असे आम्हांस वाटते. घरे उभी आहेत, विहिरीस पाणी आहे, परंतु सांजवेळी एकाही उंबरठ्याच्या आत दिवा लागत नाही, तर तेथे गाव उरले नाही; उलट, पडक्या भिंतींच्या आडोशाला एखादी पणती लागली की गाव पुन्हा वसू लागले. म्हणूनच हा शब्द त्या कागदांत शेवटचा ठरत नसे. सरकारातून कौल मिळे, पहिली काही वर्षे सारा हलका ठेवला जाई, आणि परागंदा झालेले एखादे कुटुंब भीतभीत परत येऊन चूल मांडी.

हा शब्द आज आठवण्याचे कारण असे की, १९४२ साली युरोपच्या मध्यभागी एक लहानसे गाव अशा रीतीने बेचिराख करण्याचा उद्योग झाला, की पुढे तेथे दिवा लावावयास माणूस तर सापडू नयेच, पण दिवा कोठे लावावा ती जागाही सापडू नये. चेक देशातील लिदित्से हे ते गाव. त्याची हकीकत अनेकांनी ऐकली असेल. आम्हांस ती पुन्हा सांगावयाची आहे ती केवळ शोक जागविण्यासाठी नव्हे. गाव म्हणजे नेमके काय, ते नाहीसे करता येते काय, आणि जे मागे उरतात त्यांचे त्याच्याशी कोणते कर्तव्य उरते, हे तीन प्रश्न या लहानशा गावाने जगापुढे टाकले आहेत. त्यांची उत्तरे वाटतात तितकी सोपी नाहीत.

प्राग शहराच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरांवर, क्लाद्नो या कोळशाच्या खाणींच्या आणि पोलादाच्या कारखान्यांच्या शहराजवळ, बोहेमियाच्या सौम्य चढउतारांच्या मुलखात एक उथळ खोरे आहे. त्यातून एक ओढा वाहतो. त्या खोऱ्यात लिदित्से वसले होते. गावाचा पहिला लेखी उल्लेख १३१८ सालचा. शंभराच्या आसपास घरे, सुमारे पाचशे माणसांची वस्ती, सेंट मार्टिनचे जुने चर्च, एक शाळा, एक तळे, आणि गावाच्या कडेला होराक नावाच्या कुटुंबाचे कोठारे व तळघर असलेले मोठे शेतघर. पुरुषांपैकी बरेचसे क्लाद्नोच्या खाणींत आणि भट्ट्यांवर पाळीने कामास जात. उरलेले शेती करीत. आपल्याकडे पिकाच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणतात. लिदित्सेची पांढरी सहाशे वर्षांची होती. चर्चमागील दफनभूमीत पणजोबा होते, आणि शाळेच्या बाकांवर पणतवंडे होती. प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे असे तेथे काही नव्हते. किंबहुना इतिहासात नाव नसणे हेच कोणत्याही लहान गावाचे मोठे भाग्य असते, आणि हे भाग्य लिदित्सेला पुष्कळ काळ लाभले होते.

१९३९ च्या मार्च महिन्यात जर्मन सैन्याने हा देश गिळंकृत केला. १९४१ च्या सप्टेंबरात राइनहार्ड हायड्रिख हा हिटलरचा विश्वासू अधिकारी तेथील सत्ताधीश म्हणून आला, आणि त्याच्या पहिल्याच आठवड्यांत फाशीची व गोळीबाराची सत्रे सुरू झाली. २७ मे १९४२ रोजी इंग्लंडहून विमानाने उतरविलेल्या योझेफ गाब्चिक व यान कुबिश या दोन सैनिकांनी प्रागच्या रस्त्यावर त्याच्या मोटारीवर हल्ला केला. ४ जून रोजी तो मरण पावला. मारेकऱ्यांचा माग लागत नव्हता, आणि बर्लिनला तातडीने सूड हवा होता. अशा वेळी पोलिसांच्या हाती एका कारखान्यातील कामगार मुलीला आलेले एक पत्र लागले. पत्र प्रेमप्रकरणातले होते. परंतु त्यातील काही संदिग्ध शब्दांवरून व पुढच्या जबान्यांवरून लिदित्सेचे नाव निघाले. त्या गावातील होराक व स्त्रीब्रनी या दोन घरांतील मुलगे इंग्लंडच्या विमानदलात गेले आहेत, हेही कळले. झडती घेतली, काही सापडले नाही. हल्ल्याशी गावाचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही ९ जूनच्या रात्री गावाला वेढा पडला.

१० जूनच्या सकाळपासून होराकांच्या शेतघरापाशी पुरुषांना आणून गोळ्या घालण्यात आल्या. गोळ्या दगडी भिंतीवर आपटून उलट येऊ नयेत म्हणून गावातल्याच घरांतल्या गाद्या आणून भिंतीला लावल्या होत्या. आरंभी पाच-पाच जण उभे करीत; काम फार सावकाश होते असे वाटून पुढे दहा-दहा उभे केले. त्या एका दिवसात १७३ पुरुष मारले गेले. रात्रपाळीस गेलेले खाणकामगार आणि त्या दोन कुटुंबांतील मंडळी यांस पुढे प्रागमध्ये ठार केले. स्त्रियांस क्लाद्नोच्या एका शाळेत तीन दिवस ठेवून, मुलांना त्यांच्यापासून तोडून, रावेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडले. ३४० माणसे हा या गावाच्या नाशाचा अखेरचा हिशेब आहे.

येथे पहिला नैतिक प्रश्न उभा राहतो. लिदित्से निरपराध होते, तेव्हा ही एक भयंकर चूक झाली, असे पुष्कळ लोक म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. चूक म्हणावयाची तर चुकीचा पत्ता दाखविल्यावर हात थांबला असता. झडतीत काही न सापडल्याचे सूड घेणाऱ्यांस ठाऊक होते. शिक्षेला अपराधी लागतो. दहशतीला निरपराधीच लागतात. जो केवळ अपराध्यास दंड करतो त्याच्या राज्यात निरपराध माणूस रात्री स्वस्थ झोपतो, आणि नेमकी ही झोपच दहशतीला मोडावयाची असते. ‘मी काही केले नाही’ हे वाक्य कोणाच्याही उपयोगी पडू नये, असा धडा त्या दिवशी घालून द्यावयाचा होता. तेव्हा लिदित्सेचे निरपराधित्व ही त्या कृत्यातील उणीव नव्हती; कृत्याचे सारे बळ त्यातच होते.

या विपरीत न्यायाचे एक विलक्षण उदाहरण याच गावाने दाखविले आहे. गावच्या कारभारी मंडळींपैकी एक गृहस्थ १९३८ च्या अखेरीपासून तुरुंगात होता. घरच्या एका दुर्दैवी प्रसंगात त्याच्या हातून स्वतःच्या मुलाचा मृत्यू घडला होता. शिक्षा भोगून १९४२ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, तो घरी परतला, तो गावच जागेवर नव्हते. तो क्लाद्नोच्या पोलिसांपुढे जाऊन उभा राहिला. मी लिदित्सेचा आहे, मलाही मारा, असे त्याचे म्हणणे होते. ते त्याला हसले आणि त्यांनी त्याला हाकलून दिले. गावातील ज्या एका पुरुषाला कायद्याने अपराधी ठरविले होते तो जिवंत राहिला, आणि त्याला आपल्या लोकांबरोबर मरण्याचा अधिकारही मिळाला नाही. न्यायाचा सांगाडा मोडल्यावर जगणे आणि मरणे या दोहोंचाही अर्थ कसा मोडतो, हे सांगावयास याहून वेगळा दृष्टान्त नको.

या माणसाच्या शेजारी दुसरा एक मनुष्य ठेवून पाहावा. गावचे धर्मगुरू योसेफ श्तेंबेर्का हे त्या वेळी ७३ वर्षांचे होते. तीन तपांच्या जवळपास त्यांनी या गावात काढली होती. बहुतेक तरुणांचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. गावकऱ्यांपासून फुटून जीव वाचविण्याची वाट त्यांस दाखविण्यात आली, ती त्यांनी नाकारली, आणि आपल्या माणसांबरोबर ते भिंतीशी उभे राहिले, असे सांगतात. एकाला मरण नाकारले गेले, दुसऱ्याने जगणे नाकारले. दोघांच्याही मनातील गोष्ट मात्र एकच होती. ‘मी या गावचा आहे’ हे वाक्य त्यांच्या दृष्टीने पत्त्याचे नव्हते. ते एका ऋणाचे वाक्य होते.

आता मारणाऱ्यांकडे वळू. गाव म्हणजे काय याचा विचार त्यांनीही केला होता, आणि आमच्या मते तत्त्वज्ञांपेक्षा बारकाईने केला होता. पुरुष गेले, स्त्रिया गेल्या, मुले गेली; घरे जाळली, भिंती सुरुंगांनी उडविल्या. एवढ्याने गाव संपले असे त्यांना वाटले नाही. चर्च पाडले. दफनभूमी उकरून मेलेल्यांचीही विटंबना केली. तळे बुजविले, झाडे तोडली, ओढ्याचे पात्र बदलले, रस्ते पुसले. हे काम कित्येक महिने चालले आणि १९४३ साली पुरे झाले. आपल्याकडे जिंकलेल्या ठिकाणावर गाढवाचा नांगर फिरवीत, तो अपमानाचा संस्कार एका दिवसात उरके. येथे तोच संस्कार यंत्रे लावून वर्षभर चालला होता. आणि हे सर्व होत असता त्याचे चित्रपट उतरविले जात होते. पुढे न्यूरेंबर्गच्या न्यायसभेत ती फीत पुराव्यादाखल दाखविण्यात आली.

ओढ्याने काय केले होते, असा प्रश्न मनात येतो. परंतु त्यांचा हिशेब बरोबर होता. माणूस परत आला तर तो वाट कशावरून ओळखील? ओढ्याच्या वळणावरून, चर्चच्या मनोऱ्यावरून, तळ्याकाठच्या झाडावरून. पूर्वज कोठे आहेत हे कशावरून सांगील? थडग्यांवरून. म्हणजे गाव हे माणसांत तर असतेच, पण ते या खुणांतही असते, मेलेल्यांतही असते, आणि खुणा, मेलेले व जिवंत यांना बांधणाऱ्या ओळखीत असते. जेथे आपण न दिसल्यास ‘आज हा कोठे गेला?’ असे कोणी तरी विचारतो, ते आपले गाव. मारणाऱ्यांना ही ओळखच मारावयाची होती. म्हणून अखेरीस त्यांनी नावावरही हात टाकला. गावाचे नाव पुसून टाकले आहे अशी घोषणा त्यांनी आकाशवाणीवरून स्वतःच केली.

त्या घोषणेत मुलांविषयीही एक वाक्य होते. त्यांच्या योग्य संगोपनाची व्यवस्था केली आहे, अशा अर्थाचे ते होते. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पुरुषांना गोळ्या घातल्याचे त्यांनी अभिमानाने जगाला सांगितले. स्त्रिया छावणीत धाडल्याचे सांगितले. मुलांविषयी मात्र त्यांनी खोटे सांगितले. ज्यांना कशाचीच लाज नव्हती त्यांनाही एक गोष्ट झाकावीशी वाटली. जर्मन करण्याजोगी म्हणून निवडलेली काही थोडी मुले आणि अगदी तान्ही बालके वगळता उरलेली ८२ मुले १९४२ च्या जुलै महिन्याच्या आरंभी पोलंडमधील खेल्म्नो येथे विषारी वायूच्या गाडीत मारली गेली. त्याच ठिकाणी दीड लाखाहून अधिक माणसे, बहुतेक ज्यू, तशाच रीतीने मारली गेली, आणि त्यांच्या गावांची नावे कोणत्याही आकाशवाणीने सांगितली नाहीत. लिदित्सेच्या पुरुषांचे सामायिक थडगे खणावयास ज्यांना जुंपले ते ३० कैदीही तेरेझीनच्या वस्तीतील ज्यूच होते. लिदित्सेची गोष्ट सांगताना हा संदर्भ सोडला तर ती गोष्ट अर्धीच सांगितली असे होईल.

जी मुले वाचली त्यांच्यापैकी काहींस जर्मन कुटुंबांत नवी नावे देऊन वाढविले गेले. युद्ध संपल्यावर शोध घेऊन १७ मुले परत आणण्यात आली. त्यांतील एक मुलगी १९४६ साली आपल्या आजारी आईच्या बिछान्यापाशी आली, तेव्हा तिला चेक भाषा येत नव्हती. आई व मुलगी यांच्या मध्ये बोलणे पोचविण्यास तिसऱ्या माणसाची गरज लागली. काही महिन्यांनी ती आई वारली. भिंत पाडणे, ओढा वळविणे, थडगे उकरणे या सर्वांहून हे कृत्य आम्हांस अधिक सूक्ष्म व म्हणून अधिक भयंकर वाटते. घर जळले तरी पुन्हा बांधता येते. आईच्या हाकेचा अर्थ मुलाच्या मनातून काढून टाकला तर कोणता गवंडी तो पुन्हा बसविणार?

लिदित्सेच्या नाशाची घोषणा ऐकून जगाने काय केले ते सर्वविदित आहे. १९४२ च्याच जुलैत अमेरिकेतील इलिनॉय संस्थानातल्या एका वस्तीने लिदित्से हे नाव घेतले. मेक्सिको शहराजवळच्या एका गावाने ते आपल्या नावास जोडले. ब्राझील व व्हेनेझुएला या देशांतही ते नाव गेले. कित्येक आईबापांनी मुलींची नावे लिदित्से अशी ठेवली. इंग्लंडातील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरात बार्नेट स्ट्रॉस नावाच्या डॉक्टरने खाणकामगारांना हाताशी धरून ‘लिदित्से जगेल’ ही चळवळ १९४२ च्या सप्टेंबरात उभी केली, आणि कोळसा खणणाऱ्या माणसांनी कोळसा खणणाऱ्या माणसांच्या गावासाठी आपल्या मजुरीतून पैसा काढला. १९४३ साली परदेशात आश्रयास असलेल्या बोहुस्लाव मार्तिनू या चेक संगीतकाराने लिदित्सेच्या स्मरणार्थ वाद्यवृंदाची रचना केली. एक नाव पुसावयास निघालेल्यांनी ते चार खंडांच्या ओठांवर नेऊन ठेवले.

या हकीकतीने मन उचंबळून येते, आणि यावेच. परंतु येथेच आम्ही एक सावधगिरीचा शब्द सांगू इच्छितो. ‘नाव पुसू गेले आणि नाव अमर झाले’ हे वाक्य ऐकावयास इतके गोड आहे, की ते ऐकून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो; जणू हिशेब चुकता झाला. हिशेब चुकता झालेला नाही. नाव जगले, ८२ मुले जगली नाहीत. शब्दाच्या अमरत्वाने माणसाच्या मरणाची भरपाई होत नाही. आणि जी स्मृती आपल्याला इतका दिलासा देते की आपले दुःखच संपते, ती स्मृती बहुधा मेलेल्यांची उरलेली नसते, आपलीच झालेली असते.

आपली करुणाही निवड करते, हे दुसऱ्या एका गावाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. लिदित्सेनंतर दोनच आठवड्यांनी, २४ जून १९४२ रोजी, पूर्व बोहेमियातील लेझाकी ही पाथरवटांची चिमुकली वस्ती जाळण्यात आली. तेथील ३३ वयस्क स्त्रीपुरुषांना गोळ्या घातल्या. १३ मुलांपैकी ११ खेल्म्नोलाच गेली, दोन बहिणी तेवढ्या परत आल्या. परंतु लेझाकीचे लोक लिदित्सेच्या अर्थाने ‘निरपराध’ नव्हते. इंग्लंडहून आलेल्या सैनिकांचे बिनतारी यंत्र त्यांच्यापैकी काहींनी समजून-उमजून लपविले होते. जगाला लिदित्से ठाऊक आहे, लेझाकी फार थोड्यांना. याचे एक कारण लेझाकीचे लहानपण. पण दुसरे कारण असे तर नाही ना, की ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्यासाठी रडणे सोपे असते, आणि ज्यांनी काही केले त्यांच्यासाठी रडताना ‘मी त्या जागी काय केले असते?’ हा प्रश्न मधे येतो?

याच संदर्भात कोणी विचारतो की, सूड येणार हे दिसत असता हायड्रिखवर हल्ला करणे उचित होते काय? हा प्रश्न आजच्या सुरक्षित माणसांचा नाही. देशात राहून लढणाऱ्या चेक प्रतिकारकांनी स्वतःच १९४२ च्या मे महिन्यात लंडनला संदेश पाठवून हा बेत थांबविण्याची विनंती केली होती. आमचे मत असे की, भिंतीशी कोणास उभे करावयाचे हे ज्याने ठरविले, दोष त्याचा; जुलमी माणसाच्या निवडीचे ओझे प्रतिकार करणाऱ्याच्या खांद्यावर टाकणे म्हणजे जुलमाला न्यायाचे आसन देणे होय. तथापि दोष नसणे आणि ओझे नसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्याच्या कृत्यानंतर एक गाव नाहीसे झाले, तो दोषमुक्त असूनही त्या गावापासून मुक्त होत नाही. गाब्चिक व कुबिश हे प्रागच्या एका चर्चमध्ये १८ जूनला लढता लढता मरण पावले. ते आणखी जगते तर हे ओझे त्यांनी वाहिले असते, आणि ते वाहणे हीच त्यांच्या सद्हेतूची साक्ष ठरली असती.

आता शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. अशा जागेचे काय करावे? या बाबतीत युरोपने तीन निरनिराळी उत्तरे दिली आहेत. लेझाकी पुन्हा वसविले नाही. जेथे घरे होती तेथे समाधीसारखे दगड आहेत. फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान हे गाव १० जून १९४४ रोजी, लिदित्सेनंतर बरोबर दोन वर्षांनी, जर्मन सैन्याने सहाशेंहून अधिक माणसांसह जाळले. त्याचे अवशेष गंजलेल्या मोटारी व काळवंडलेल्या भिंती यांसह तसेच राखले, आणि शेजारी नवे गाव बांधले. लिदित्सेत राखावयास अवशेषही नव्हते. तेथे १९४५ साली रावेन्सब्रुकहून १४३ स्त्रिया परत आल्या. आपली मुले कोठे तरी वाढत असतील या आशेवर त्यांनी तीन वर्षे काढली होती. नवरे मेले आहेत, गाव नाही, आणि बहुतेक मुलेही नाहीत, हे सारे त्यांना परतल्यावर कळले.

या स्त्रियांसाठी नवे लिदित्से बांधले गेले. १५ जून १९४७ रोजी पायाचा दगड बसला आणि पुढील काही वर्षांत १५० घरे उभी राहिली. ती जुन्या जागेवर बांधली नाहीत. जुने खोरे मोकळे ठेवून, त्याच्या अंगाला, नजरेच्या टप्प्यात नवे गाव वसविले. जुन्या खोऱ्यात आज गवत आहे. चर्चचे, शाळेचे व होराकांच्या शेतघराचे पाये उघडे करून ठेवलेले आहेत. पुरुषांच्या सामायिक थडग्यावर एक उंच लाकडी क्रूस आहे. दोहोंच्या मध्ये १९५५ साली देशोदेशींच्या गुलाबांची बाग लावण्यात आली. तीही डॉक्टर स्ट्रॉस यांच्याच पुढाकाराने. या व्यवस्थेत आम्हांस एक मोठे शहाणपण दिसते. जुन्या पांढरीवर घरे बांधली असती तर विसरणे सोपे झाले असते. ती जागा सोडून सर्व दूर गेले असते तर मारणाऱ्यांचे म्हणणे खरे झाले असते. त्या स्त्रियांच्या वाट्याला खिडकीतून दिसणारी पोकळी आली, आणि तिच्या शेजारी त्यांनी चूल मांडली. शोक आणि संसार यांपैकी एकाने दुसऱ्याला गिळू नये, म्हणून दोघांना शेजारी वसविले.

तर मग नवे लिदित्से हे तेच लिदित्से आहे काय? घरे ती नाहीत, जागा ती नाही, माणसे बहुतांशी ती नाहीत. तत्त्वज्ञानात फळी-फळी बदललेल्या जहाजाचा जुना वाद आहे; परंतु तेथे एक फळी काढताना दुसरी जागेवर असते. येथे सारे जहाजच बुडाले. तरीही आमचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि त्याचे कारण त्या १४३ स्त्रिया. जोपर्यंत ‘हा कोठे गेला?’ असे नावानिशी विचारणारे कोणी आहे, तोपर्यंत गाव आहे. परतल्यावर हाच प्रश्न त्या विचारीत राहिल्या. एका-एका मुलाचा शोध घेतला गेला, १७ सापडली, उरलेल्यांची नावे लिहून ठेवली गेली. गावाचे गावपण याच विचारण्यात टिकले. पुढे त्या स्त्रिया वृद्ध होऊन गेल्या, आणि विचारण्याचे काम इतरांकडे आले.

ते काम कसे करावे याचा धडा मारिये उखितिलोव्हा या शिल्पकर्त्रीने घालून दिला आहे. १९६९ साली तिने त्या ८२ मुलांच्या मूर्ती घडविण्यास आरंभ केला. एक स्मारकस्तंभ उभारून त्यावर ८२ हा आकडा कोरला असता तरी काम भागले असते. तिने ४२ मुली व ४० मुले, प्रत्येकाला निराळा चेहरा, निराळी उंची, निराळी उभे राहण्याची तऱ्हा देऊन एकेक करून घडविली. त्यात वीस वर्षे गेली. १९८९ साली ती वारली तेव्हा मूर्ती धातूत ओतल्या गेल्या नव्हत्या. ते काम तिच्या पतीने पुढे नेले, आणि २००० साली शेवटच्या मूर्ती खोऱ्याच्या उतारावर उभ्या राहिल्या. ज्यांना दहा-दहा करून मारले त्यांची मुले एक-एक करून परत आणावयाची, हा त्या बाईचा संकल्प होता. दहशत माणसाचा आकडा करते. तिला उत्तर द्यावयाचे तर आकड्याचा पुन्हा माणूस करावा लागतो, आणि या कामाला घाई चालत नाही.

१९६७ पासून याच गावाच्या नावाने मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते, व जगातील पुष्कळ देशांतून, आपल्या देशातूनही, मुले तेथे चित्रे पाठवितात. चित्र काढणाऱ्या मुलाला कदाचित सारी हकीकत ठाऊकही नसेल. आम्हांस वाटते की ती त्याला योग्य वयात, योग्य शब्दांत, घरच्यांनी सांगावी. पण तीतील गोड शेवट तेवढा पुढे करू नये, आणि केवळ राख दाखवून त्याला भिववूही नये. त्या खोऱ्यात गवत का आहे आणि त्याच्या कडेला घरे का आहेत, या दोन्ही गोष्टी त्याला कळल्या म्हणजे पुरे.

आरंभी आम्ही म्हटले की बेचिराख हा शब्द जुन्या कागदांत शेवटचा ठरत नसे. त्या कागदांत कौल सरकार देई, आणि कारकून दुसऱ्या वर्षी नोंद दुरुस्त करी. लिदित्सेला कौल देणारे प्रथम त्याच्या परतलेल्या बायका होत्या, आणि नंतर दूरदूरची अनोळखी माणसे. जुन्या पांढरीवर आजही सांजवेळी दिवा लागत नाही, आणि लागूही नये. तो अंधार खरा आहे, तो आपण मान्य केला पाहिजे. परंतु खोऱ्याच्या कडेला, त्या अंधाराकडे तोंड करून, दीडशे घरांत रोज दिवे लागतात.